आबांच्या कपाळाचा भंडारा

६ मार्च
हॉस्टेलची मेस बंद! सिलेंडर नाहीत. आखातात युद्ध पेटलं, गॅसची जहाजं अडकली आणि इकडे लवळ्याच्या टेकडीवर आम्ही मुली वडापाववर. वॉर्डन म्हणाल्या, ज्यांचं घर जवळ आहे त्यांनी घरी जा. आमचं घर म्हणे जवळ! ताम्हिणीला एसटीतून उतरायचं आणि मग तासभर डोंगर चढायचा.

आई चुलीवर भाकरी थापत होती. गॅस मिळत नाही म्हटलं तर हसली. आमच्या धनगरवस्तीवर तो धड आला होता कधी?

मला मेसचं काही नाही. जालिंदरदादा तिकडेच आहे – आखातात, गॅसच्या प्रकल्पावर परांच्या बांधतो. मी आल्यापासून आबा एकच विचारतायत, युद्ध किती लांब आहे त्याच्यापासून. मी दर वेळी 'लांब आहे' म्हणून सांगते.

९ मार्च
दादाशी बोलणं झालं. रेंज फक्त वर पठारावर, म्हणून मेंढरांमागे आम्ही सगळेच चढलो. रात्री आवाज येतात म्हणाला, बाकी ठीक. आबा फोनवर नेहमीसारखे – नुसतं व्हय, व्हय. एवढा बोलका माणूस, फोन कानाला लागला की मुका होतो.

१२ मार्च
वीज कंपनीचा माणूस आला होता – चंद्रकांत नाव. नकाशा आणला होता. आमच्या पठारावर मोठा तलाव करायचा, खालच्या धरणाचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि विजेची गरज वाढली की परत खाली सोडून वीज करायची. शेजारच्या भिकूतात्यांना हे काही पटेना. चढवायचं आणि परत सोडायचं? मग ते खालीच होतं की आधी!

चंद्रकांत म्हणाला, परक्या गॅसवर देश किती दिवस चालवायचा, आपली वीज आपल्याच डोंगरात साठवायला हवी.

संताप याचा येतो, की मला ते पटतं. एम.ए.च्या निबंधात मी अगदी हेच लिहिलं होतं, सरांनी वर्गात वाचून दाखवलं. त्यात आमचं पठार कुठेच नव्हतं. 'योग्य उंचीची जागा' एवढंच लिहिलं होतं मी.

१५ मार्च
आज बिरोबाच्या देवळात वस्तीतली सगळी घरं बसली. पठार सगळ्यांचं सामाईक, पण कागदावर पहिलं नाव आबांचं. त्यांनीच बेल-भंडारा पुढे केला. एकेकाने उचलून शपथ घेतली – पठार द्यायच्या कागदावर सही करायची नाही. शेवटी आबा बोलले, "ज्यानं सही किली, त्यानं पुन्यांदा कपाळाला भंडारा लावायचा न्हाई."

मला आबांचा फार अभिमान वाटला आज. लिहून ठेवते.

२१ मार्च
दादाच्या प्रकल्पावर हल्ला झाला. मोबाइलवर नुसत्या ज्वाळा. त्याचा फोन लागत नाही.

२२ मार्च
नाही लागत.

२४ मार्च
लागला! दादा जिवंत आहे. पण शेजारच्या खोलीतला त्याचा सोबती गेला. विमानतळ बंद, पासपोर्ट ठेकेदाराकडे. बोलता बोलता रडायला लागला – माझा दादा! "आबा, मला हितं न्हाई ऱ्हायचं," म्हणाला आणि फोन तुटला.

आबा तसाच कानाला धरून बसले. मेंढरं पार कड्यापर्यंत गेली तरी उठले नाहीत.

२८ मार्च
चंद्रकांत परत आला. बरोबर एकट्या आबांना गाठलं, मेंढरांच्या वाड्यापाशी. सही केली तर घरटी एकाला कायमची नोकरी, पोरगा परत आला की त्याला इथेच लावतो म्हणाला. आबांनी मला कागद वाचायला लावला.

"खरं लिव्हलंय का गं? पुन्हा दर्यापार जाया नको त्याला?"

खरंच लिहिलं होतं. मी हो म्हटलं. खोटं कसं सांगू?

२ एप्रिल
आबांनी सही केली.

घरी आले, रांजणातलं पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. पुसलं. परत धुतलं. आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. भिकूतात्यांनी आपली मेंढरं आमच्या दारावरून न नेता ओढ्याच्या वाटेने वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबांनी बजावलंय, दादाला फोनवर काही कळू द्यायचं नाही. आल्यावर हातात नोकरीचा कागदच ठेवायचा.

७ एप्रिल
पहिलं नाव फुटल्यावर बाकीची किती टिकणार? सगळ्यांनी सह्या केल्या. बिरोबाला दिवा लावायला आता कोणी जात नाही – कोणत्या तोंडाने जातील!

११ एप्रिल
पठाराला कुंपण पडतंय, चारायचं कुठे? आबांनी मेंढरं विकली. दलालाने हातावर उपरणं टाकलं, खाली बोटं धरून भाव सांगितला, सौदा झाला. आबांनी घासाघीससुद्धा केली नाही. म्होरकी मेंढी टेम्पोत चढेना. आबांनी हाक मारली तशी मुकाट चढली, आणि तिच्यामागे बाकीची.

वाडा रिकामा. वासही लवकर जाईल म्हणे आई.

१६ एप्रिल
यंत्रं आली. गवतात लाल झेंड्या. कुणाला दोष देऊ? युद्ध आमचं नाही, गॅस आमचा नाही, होणारी वीज पुण्या-मुंबईला जाणार. माझं शिक्षण काही कामाचं नाही. दोन्ही बाजू समजतात, एवढाच त्याचा उपयोग.

आबा सकाळी सवयीने काठी घेऊन निघतात आणि अंगणातून परत फिरतात.

२३ एप्रिल
विमानतळ उघडला, ठेकेदाराने पासपोर्टही दिला! दादा निघतोय. कुंपणाच्या कडेला उभं राहून फोन घेतला. आबांना राहवलं नाही, म्हणाले की तुझ्यासाठी हितं कंपनीत नोकरी बघितलीय. फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकलं.

"कंपनीत? न्हाई आबा. आता असल्या जागी पाय न्हाई ठिवायचा. लई बघितलं. तुमी थकलाय, मेंढरं मीच राखीन. आपलं पठार हाय न्हवं? हायेत न्हवं समदी?"

आबा म्हणाले, व्हय.