आधी फेरे, मग थ्रॉटल

मी, चांगदेव येसाजी सारंगे, वय ४९, राहणार रेवदंडा, कनकेश्वराला स्मरून माझ्या मालमत्तेची ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे. सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी नूतन हिची. दागिने तिच्या माहेरचे. ते देणारा मी कोण?

२. संगणक, खुर्ची आणि लोखंडी पट्ट्यांतून मी बनवलेले दोन दांडे मुलगी प्राप्ती हिला. यांवर मी खेळात जुन्या महायुद्धातली लढाऊ विमाने उडवत असे. डावा दांडा थ्रॉटलचा, म्हणजे इंधन वाढवण्याचा, उजवा इंजिनाच्या फेऱ्यांचा. धाकटा भाऊ सुजित खिडकीतून विचारी, "कारं दादूस, आज कंचं गाव जाललंस?" त्याचे उत्तर इथे देतो.

३. वडिलांच्या मच्छीमार बोटीत निम्मा हिस्सा माझा. वडिलांनी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सुजितला केले, मला खाली इंजिनावर बसवले. खालच्याला समुद्र दिसत नाही. तांडेल वरून दोरी ओढतो, खाली घंटी वाजते, तसा हात चालवायचा. इंजिनाच्या आवाजात ती वर कोणाला ऐकू जात नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात कोर्लईच्या खडकांजवळ जाळे पंख्यात गुंतले. सुजितला ते दिसत होते. तरी पूर्ण वेगाची घंटी आली. मी दांडा ढकलला. फेरे वाढेनात, धूर काळा झाला. पुन्हा तीच घंटी. मी आणखी ढकलला. इंजिन जाम झाले, बोट खडकावर गेली आणि खलाशी मोरूकाकांचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. बंदरावर सुजित सगळ्यांसमोर म्हणाला, "दादूसनं इंजिन जाललं. घंटी मी मारलीच न्हाय." मोरूकाका तेव्हापासून माझा रामराम घेत नाहीत.

खेळातही पहिला महिना मी रोज इंजिन जाळत होतो. हात तोच: घाई झाली की थ्रॉटल. प्राप्तीने वाचून सांगितले, "बाबा, जोर वाढवायचा तर आधी फेरे, मग थ्रॉटल. कमी करताना उलटं." मग म्हणाली, "फेरे नसताना ढकललं की जळणारच. आपल्या बोटीचं पण असंच झालं ना?" इतक्या वर्षांत हे मला घरात दुसऱ्या कोणी विचारले नव्हते.

तिला जे सांगितले तेच लिहितो. फेरे चढत नाहीत हे मला काट्यावर दिसत होते. हात थांबवता आला असता. घंटी त्याची, हात माझा. माझा दोष मला मान्य आहे.

४. सुजितने मोरूकाकांसमोर खरे सांगितले तरच बोटीतला माझा हिस्सा त्याला मिळावा, असे आधी कच्च्या मसुद्यात लिहिले होते. वकील म्हणाले, अशी अट घालता येते. पण बोटीसाठी बोललेले खरे मला नको. अट खोडली आहे. हिस्सा मोरूकाकांच्या नावे करावा. अंमलबजावणी मेहुणा हर्षद याने करावी.

५. माझ्या तेराव्याला प्राप्तीने हा कागद मोरूकाकांच्या ओटीवर वाचावा. सुजितला बोलावणे पाठवावे. त्याने काही बोलावे असे बंधन नाही. वाचून होईपर्यंत त्याने उठू नये, एवढेच.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) चांगदेव येसाजी सारंगे

साक्षीदार:
१. परेश चुनेकर (सही)
२. हेमांगी घरत (सही)

ठिकाण: रेवदंडा, ता. अलिबाग
शुक्रवार, दि. १२ डिसेंबर २०२५