आबांच्या शेजारची खुर्ची

शुक्रवार पेठ, सोलापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून हे पत्र यशपालरावांच्या डब्याच्या पिशवीत घालतेय. तुझा नवरा रोज कुर्डुवाडी-सोलापूर करतो, त्याचा मलाही उपयोग होऊ दे.

तू मोठा सिनेमा कॅमेरा घेतलास, अभिनंदन. खोटं कशाला बोलू, फोटो बघून मला जेवण गेलं नाही. माझा कॅमेरा भाजीच्या पिशवीत मावतो. परवा चिंचोळी एमआयडीसीत एका उद्घाटनाला गेले, तर मालकानं विचारलं की खरा कॅमेरा कधी येणार. हा विकून तुझ्यासारखाच घ्यावा म्हणते. तुला फोकस धरायला शिकवलं मी, आणि आमच्या गल्लीत नाव तुझं.

त्यात आबांचं. सोमवारी, १८ तारखेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. जलशातली गाणी त्याआधी शूट करून ठेवायचीत, आणि आबा म्हणतात प्रतिक्षाला बोलवा. पोटची पोर घरात कॅमेरा घेऊन बसलीय की. आत्ता हे लिहितेय, तर ते मागच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत मोकळ्या गळ्यानं गातायत, आणि मला ते गाणंही गोड लागेना.

शुक्रवारी ये. मी नसेन, लग्नाचं काम आहे. राग दिसला तरी त्याखालची माया ओळखून घे.

तुझी
धम्मीताई


कुर्डुवाडी
१२ नोव्हेंबर

ति. धम्मीताईस सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझ्या पत्राला भाजीचं तेल लागलं होतं, पण तिखट ते आधीपासूनच होतं.

मोठ्या कॅमेऱ्याचं सुख ऐक. उचलायला दोन माणसं, मांडायला तासभर, आणि बॅटरी ऐन हार घालायच्या वेळेला मान टाकते. चित्र मात्र लई सुंदर येतं. तू लग्नात पळता पळता जे टिपतेस ते मला या जन्मात जमणार नाही, म्हणून तर मी मोठ्याच्या आडोशाला गेले. हेवा तुलाच करता येतो असं समजू नकोस.

काकांची गाताना काही सवय असली तर कळव, तशी मांडणी करीन. आणि जमलं तर थांब की. काकांना बरं वाटेल.

तुझ्या रागाची सवय असलेली
प्रतिक्षा


शुक्रवार पेठ
१३ नोव्हेंबर

चि. प्रतिक्षास आशीर्वाद.

आबांची खास अशी काही सवय नाही. खुर्चीत बसव, गातील. एवढा मोठा कॅमेरा आहे, तुला मी काय सांगायचं? लग्नाचं काम सोडता येत नाही. कळावे.

धम्मी


कुर्डुवाडी
१५ नोव्हेंबर

ति. धम्मीताईस सप्रेम जयभीम.

वि. वि. शूटिंग फसलं. काकांनी कोट घातला, मी दिवे लावले, त्यातच दोन तास गेले. त्यांनी शेजारी दुसरी खुर्ची मांडायला लावली. चार ओळी झाल्या आणि आवाज अडला. सारखे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

शेवटी मी विचारलं. तर म्हणाले, जलशाला कोरस लागतो, आणि लहानपणी माझा कोरस धम्मीच होती. ती कॅमेऱ्यामागं गेली तर माझ्यामागं कोण म्हणायचं, म्हणून तुला बोलावलं. तिला सांगणार होतो, पण आठवडा झाला ती माझ्याशी धड बोलत नाही.

परतताना गाडीत तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. इस्त्री करताना मोकळं गातात, हे तूच लिहिलंयस. मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस, ताई?

इस्त्रीच्या त्या मागच्या खोलीत माझा कॅमेरा शिरणार नाही. रविवारी रिकाम्या हातानं येते. तुझा मी धरते. तू काकांच्या मागं उभी राहा.

प्रतिक्षा


शुक्रवार पेठ
९ डिसेंबर

चि. प्रतिक्षास अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वि. वि. त्या रविवारी तू काही विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही, ते आज लिहिते. लग्नाचं काम नव्हतंच. त्या शुक्रवारी मी कंबर तलावावर दिवसभर बसून होते. आबा बसून गात नाहीत, हातात काम लागतं, हे मला माहीत होतं. तुझं फसावं असं वाटलं. त्यात आबांचा आवाज कायमचा हुकला असता, हे कळत असूनही वाटलं. तू माफ करशील, माझं मला जमायला वेळ लागेल.

आबा घरी आलेत. बोलणं पाटीवर लिहून. दोन्ही चित्रणं दाखवली. तुझ्या मोठ्या कॅमेऱ्यात ती रिकामी खुर्ची इतकी लख्ख आलीय, की मला बघवली नाही. आबांनी मात्र दोनदा बघितली. मग रविवारी तू माझ्या कॅमेऱ्यानं घेतलेलं इस्त्रीचं बघितलं. माझा कॅमेरा विकायचं मी सोडून दिलंय.

बघून झाल्यावर त्यांनी पाटी मागितली. पहिल्यांदा लिहिलं की प्रतिक्षाचा हात स्थिर आहे. मला परत जळलं, सांगून टाकते. मग त्यांनी ते तळहातानं पुसलं आणि लिहिलं की कोरस बेसूर होता, पण आला.

आता तू कधी येतेस ते कळव. भांडायला आलीस तरी चालेल.

तुझी
धम्मीताई