न घासलेली रबरं

प्रिय टोळ,

सायकल झाली. म्हणजे जवळजवळ झाली. काय राहिलंय ते शेवटी सांगते, कारण क्रमाने सांगितलं नाही तर तू मध्येच हसून विषय बदलशील. फोनवर तेच होतं. तू हसतेस, मी जेवणाचं विचारते, मग तुझी मावशी पलीकडून औषधाची वेळ झाली म्हणून ओरडते आणि आपण दोघी सुटतो. इथे तुला हसता येईल, पण मला अडवता येणार नाही.

तुझा निरोप मिळाला होता. ‘भंगारात घाला ती.’ पण काका, तुझेच बाबा, ती टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले त्याला मी काय करणार? मी जिना उतरून खाली आले तर ते गेटपाशी फ्रेमला धरून उभे होते, पेशंटला आधार द्यावा तसे. पुढचं चाक इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वाकलेलं, हँडल एका बाजूला मान टाकलेलं. म्हणाले, “तू कर. पहिल्यासारखी कर. ती काठी टाकून चालायला लागली की तिला ही उभी दिसली पाहिजे.” मग त्यांनी हत्यारांची पेटी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, “हीसुद्धा ठेवून घे. माझ्या हाताला आता पाना धरवत नाही.” ती पेटी! आपल्याला जिला हात लावायची बंदी होती ती. तू तिच्यातली पकड पळवलीस, सापडली माझ्या दप्तरात, आणि जन्माचं नाव मला पडलं. मी काकांकडे बघितलं नाही. पेटी उचलली आणि वर आले.

सायकल वयाने आपल्याहून मोठी आहे हे उघडल्यावर पटलं. काकांनी लग्नाआधी घेतलेली ती, डोंगरात चालवायच्या सायकली इथे कुणी पाहिल्याही नव्हत्या तेव्हाची. फ्रेम पोलादाची आणि भक्कम आहे. आपटूनही सरळ राहिली. मी दोऱ्याने मोजली, मग पट्टीने, मग ऑफिसमधलं मोजमापाचं यंत्र आणून पुन्हा मोजली. सीटची नळी गंजून जाम झाली होती. तेल सोडून वाट बघायची, हलकेच पिळायची, परत तेल. तिसऱ्या संध्याकाळी ती कुरकुरत बाहेर आली, आणि त्या नळीवर मला करवतीने ओढलेल्या रेषा दिसल्या. एकीवर एक, शिडीसारख्या. तू उंच होत गेलीस तशी काका सीट वर करत गेले आणि दर वेळी खूण करत गेले. शेवटची रेघ नळी संपता संपता आहे. तुला टोळ म्हणतात ते काही उगाच नाही. मी ती नळी पुसली, पण रेषा घासल्या नाहीत. गंज थोडा राहिला तिथे. राहू दे.

माझं काम तुला माहीत आहे. दिवसभर इमारतींमधून लिफ्टचे ब्रेक तपासत फिरते. लिफ्ट अडकली की आत सापडलेला प्रत्येक जण सांगतो, “कोसळलो हो आम्ही!” मी मान डोलावते आणि मशीनरूममध्ये जाऊन बघते. त्यामुळे तू हॉस्पिटलमध्ये “ब्रेक लागलेच नाहीत” म्हणालीस तेव्हाही मी मान डोलावली. काका तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तू पडलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच ब्रेकची चारही रबरं नवी बसवली होती, नट स्वतः आवळले होते. तुझं वाक्य संपलं आणि ते बाहेर व्हरांड्यात गेले. तू भिंतीकडे बघत होतीस, तुला दिसलं नसेल. मला दिसलं.

आधी बघायचं, मग हात लावायचा, ही माझी सवय. सायकल आली त्याच दिवशी, काही खोलायच्या आधी, मी ब्रेक बघितले. नव्या रबरावर साच्याची एक बारीक उंच रेघ असते, आणि वर मेणासारखी चकाकी. उतारावर एकदा जोरात ब्रेक मारला तरी रेघ जाते, चकाकी जाते आणि रिमवर काळा पट्टा उमटतो. चारही रबरांवर रेघ होती. रिम कोरी होती. मग केबल बघितल्या. दोन्ही अखंड. नटाखाली केबल जिथे चेपते ती जागा जिथल्या तिथे, केसभरही सरकलेली नाही. मागचं चाक धड होतं. ते फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. मग मी हात धुतले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले. तुमच्या घरापासून माथ्यापर्यंत नुसता चढ आहे, तिथे ब्रेकचं काम नाही. माथ्यापासून तू पडलीस त्या वळणापर्यंत नुसता उतार. त्या सबंध उतारावर तू ब्रेकला बोट लावलं नाहीस, टोळ.

दुसऱ्या शक्यता मी तपासल्या नाहीत असं समजू नकोस. घाबरून हात गोठले असतील, असं स्वतःला सांगून बघितलं. पण तो उतार तू माझ्यासमोर कितीदा उतरली आहेस. मोठ्या दगडापासूनच ब्रेक धरतेस, आणि मागे वळून माझ्यावर खेकसतेस, “पकडे, आता धर! नंतर धरून काय उपयोग?” मग बाकीच्या गोष्टी एकेक करून समोर येऊन बसल्या. हेल्मेट घरात खुंटीला होतं. काका म्हणतात, घाईत विसरली. त्याच आठवड्यात तू माझा पान्यांचा सेट परत केलास, कॉलेजपासून मी मागत होते तो. पुसून, तेल लावून, प्रत्येक पाना आपापल्या खाचेत. मी म्हटलं, “आज काय विशेष, बाईसाहेब?” तू म्हणालीस, “कुणाचं काही माझ्याकडे राहायला नको.” आणि हसलीस. मी स्वतःला बोल लावत बसलेली नाही. तो उद्योग काका करत आहेत.

ते दोन-चार दिवसांनी येतात. फिरायला निघालो होतो म्हणतात, पण त्यांचं फिरणं माझ्या घराच्या उलट्या दिशेला असतं. स्टुलावर बसतात, कशालाही हात लावत नाहीत. मी मुद्दाम “काका, जरा तो पाना द्या” म्हणून पाहिलं. त्यांनी पेटी पायाने माझ्याकडे सरकवली. निघताना मात्र दर वेळी दारात थांबून विचारतात, “नट सैल होता का गं?” मी सांगते, अजून ब्रेकपर्यंत पोचले नाही. गिअर झाले, चेन झाली, पेडलमधले छर्रे बदलले, पुढे नवी रिम घालून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, रंगसुद्धा वाळला. ब्रेकपर्यंत मी अजून पोचलेली नाही! काका जन्मभर स्वतःची सायकल स्वतः खोलत आलेत, त्यांना कळत नसेल का? परवा म्हणाले, “सगळी नोकरी बस चालवली. एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही. आणि…” पुढचं वाक्य त्यांनी पायपुसण्यावर चपला घासण्यात घालवलं. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात.

रविवारी ते सायकल न्यायला येणार आहेत, आणि या वेळी मला उत्तर द्यावं लागेल. त्यासाठी हे पत्र. नट सैल होता असं मी त्यांना सांगणार नाही, आणि जे आहे ते सांगायचा हक्क माझा नाही, तुझा आहे. म्हणून शनिवारी पहिल्या गाडीने मी मावशीकडे येते आहे. का, हे मला नाही सांगितलंस तरी चालेल. एकच विचारणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही: त्या उतारावर वाटलं ते आताही वाटतं का? वाटत असेल तर तुझा पाय बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आपण दोघी जाऊन तेही सांगू, त्याच दिवशी. मग काकांना फोन तू लावायचा. मी शेजारी बसेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. तोवर मावशीच्याच खोलीत झोप. विचारलं तर पाय ठणकतो म्हण. आणि शनिवारपर्यंत थांबता येणार नाही असं वाटलं, तर थांबू नकोस, कुठल्याही वेळी मला फोन कर. हसायची गरज नाही. पाकिटात एक रबर घातलं आहे. अंगठा फिरवून बघ, रेघ हाताला लागेल. बाकीची तीन माझ्या टेबलावर आहेत. सीट नळीच्या शेवटच्या रेषेवर बसवली आहे. राहिले फक्त ब्रेक, आणि ते मी बसवणार नाही. ते काकांच्या हातांनी बसतील, तू समोर असताना. शनिवारी दाराची कडी काढून ठेव. आतून लावून घेतलीस तर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून आत येईन. हत्यारं आता सगळी माझ्याकडेच आहेत.

तुझीच,
पकड