अण्णा, या खेपेला आमच्या गाडीत बसा

मयूर विहार, दिल्ली
रविवार, दुपार

तीर्थरूप अण्णांच्या चरणी दिल्लीच्या जावयाचा, सीटबेल्ट सोडून, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत (इथल्या हवेचं विचारू नका). पत्रास कारण असं की बारा तारखेला सकाळी तुम्ही निजामुद्दीनला उतरणार, आणि गेल्या चारही खेपांना काय झालं ते मी विसरलेलो नाही. मी गाडी पुसून स्टेशनबाहेर उभा, आणि तुम्ही "राहू द्या जावईबापू, कशाला त्रास" म्हणून सरळ ऑटोत! पुढे ऑटोत सासरे, मागे रिकाम्या गाडीत जावई, अशी आपली वरात घरापर्यंत. एकतीस वर्षं आंबेनळी घाटातून एसटी नेऊन तिला ज्याने एक ओरखडा येऊ दिला नाही, त्या माणसाला माझ्या ब्रेकचा भरवसा नसणार, हे मला कळतं. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, अण्णा. मनाला लागतं हो.

म्हणून मी चक्क अॅडव्हान्स्ड ड्रायव्हिंगचा कोर्स केला. शिकवायला सुभेदार गुलाबराव (निवृत्त, साताऱ्याकडचे, लष्करात हजारो पोरांना ट्रक शिकवलेले). पहिला धडा, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. मी राखलं. त्या अंतरात आधी एक टेम्पो शिरला, मग दोन स्कूटर, मग फ्रिज घेऊन चाललेली एक ई-रिक्षा. प्रत्येकासाठी नवं अंतर सोडत गेलो आणि ऑफिसला पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. दुसरा धडा, विनाकारण हॉर्न नाही. मी आठवडाभर वाजवला नाही, तर सिग्नलला एका सरदारजींनी काच ठोठावून विचारलं, "अंकल, तबियत तो ठीक है ना?" चांगल्या सवयींकडे या शहरात आजारपण म्हणूनच बघतात.

तिसरा धडा मात्र अंगाशी आला. गाडी चालवताना जे दिसेल आणि जे करणार असू ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे लक्ष भरकटत नाही. झालं, मी रात्रंदिवस बोलू लागलो (जेवतानाही, "डावीकडे लोणचं, वेग कमी करतोय"). त्यातच आमच्या चंद्रप्रभा मॅडमना, म्हणजे आमच्या उपसचिवांना, कोपर्निकस मार्गावरच्या एका मराठी कार्यक्रमाला न्यायची वेळ आली. मॅडम मागे मोबाइलमध्ये डोकं घालून. मी म्हटलं, "पुढे बस आहे, उजवी लेन घेतोय." मॅडम सवयीने म्हणाल्या, "अप्रूव्ड." मी म्हटलं, "सिग्नल पिवळा, थांबतोय." "अप्रूव्ड." अण्णा, काय सांगू, तीस वर्षांच्या नोकरीत माझी एवढी कामं एका दिवसात कधी मंजूर झाली नव्हती! मी हवेत. आयटीओच्या भर चौकात म्हटलं, "आता डावीकडे वळतोय." आणि मॅडम म्हणाल्या, "प्लीज डिस्कस."

आता वरिष्ठांनी चर्चा करा म्हटल्यावर फाइल पुढे सरकवायची नसते, हे शेंबडं पोरही जाणतं. मी गाडी जागच्या जागी उभी केली आणि चर्चेसाठी मागे वळलो. मॅडम फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होत्या. मागे अख्खी दिल्ली बोंबलत होती. हवालदार आला, त्याला मी सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. तो हात जोडून म्हणाला, "साहब, डिस्कशन दफ्तर में कर लेना." पावती फाडली ती फाडलीच. मॅडम उरलेला रस्ता मेट्रोने गेल्या.

तर अण्णा, एवढं सगळं सोसलंय. या खेपेला ऑटोला हात करू नका. गाडीत बसा, तेही पुढच्या सीटवर. आईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जयदीप

ता. क. कोर्सच्या परीक्षेत मी नापास झालो. गुलाबराव म्हणाले, "साहेब, बोलणं फर्स्ट क्लास. जमलं तर मधूनमधून गाडीही चालवत जा."

ता. क. २. पास झाली ती तुमची लेक, सुमित्रा. ती माझी फजिती बघायला डबा घेऊन यायची. एका रविवारी गुलाबरावांनी तिला सहज स्टिअरिंगवर बसवलं आणि तासाभराने मला म्हणाले, "साहेब, मागे बसा आणि शिका." बाराला गाडी तीच आणणार आहे. आयटीओला ती घाबरत नाही, ट्रकला घाबरत नाही, फक्त तुम्हाला घाबरते. सोळाव्या वर्षी तिने शिकवा म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "स्टिअरिंग म्हणजे पोळपाट नव्हे." तुम्ही विसरला असाल. ती हसत सांगते, पण दरवेळी सांगते.

ता. क. ३. तिचं कौतुक करा असं मी म्हणत नाही, ते तुम्हाला जमायचं नाही. पण तुम्हीच एकदा म्हणाला होतात, की ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीत कधी झोप लागत नाही. तेव्हा अण्णा, निजामुद्दीनचा पूल ओलांडला की मान टाका आणि झोपा. झोप नाही आली तर नुसते डोळे मिटा. मी मागून एक शब्द बोलणार नाही.