सातेरीचा पुजारी नेमण्याच्या हक्काबाबत

मी, दत्तप्रसाद गुंडू वालावलकर, मूळचा सिंधुदुर्गातला, सध्या राहणार सनद, बहरीन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणीही न सांगता लिहीत आहे. हृदयाचे ऑपरेशन नीट पार पडले. डॉक्टर म्हणतात, घाबरण्याचे कारण नाही. म्हणूनच आता लिहितो. घाबरलेला माणूस नको त्याला नको ते देऊन बसतो.

१. गावचे घर व कलमांची बाग पत्नी हेमा हिची. तिच्या हयातीत तिथला पंखासुद्धा तिला विचारल्याशिवाय कोणी हलवू नये.

२. एसी दुरुस्तीची माझी सर्व हत्यारे कामातला जोडीदार हमीद यास. न विचारता तो ती वापरतोच.

३. बँकेतली शिल्लक मुलगा निहार व मुलगी कश्मिरा यांना निम्मी-निम्मी. निहारला मराठी समजते, वाचता येत नाही. कश्मिराने हे वाचून दाखवावे आणि माझी टोमणे मारलेली वाक्ये गाळू नयेत.

४. गावच्या सातेरी देवीचा पुजारी नेमण्याचा मान आमच्या घराण्याचा. आम्ही नारळ ज्याच्या हाती देऊ, तो पुजारी. जुना पुजारी वारला तेव्हा माझा चुलतभाऊ शिरीष, राहणार जनाबिया, बहरीनच, याने हा मान आपलाही आहे असा दावा लावला. मी नारळ देऊ नये म्हणून त्याने कोर्टाची मनाई आणली. त्याने देऊ नये म्हणून मी आणली. राहायचे एका बेटावर आणि भांडायचे कुडाळच्या कोर्टात, असे आमचे चालले होते. मनाम्याच्या बाजारात तो दिसला की मी भाजी सोडून मासळीकडे वळे. हेमाने त्या काळात फार बांगडे तळले.

इतकी वर्षे देवळात दिवा लावला तो पुजाऱ्याच्या विधवेने, रत्नाबाईने. तिला कोणी नेमलेच नव्हते, त्यामुळे कोर्टाच्या मनाईने ती अडली नाही.

गेल्या वर्षी निकाल माझ्या बाजूने लागला. पेढे आणले, पण गोड लागेनात. मग ऑपरेशननंतर शिरीष इस्पितळात आला आणि म्हणाला, "दादा, जिकलंस तू. पण देवी आपल्या निकालाची वाट बघीत रवाक नाय. रत्नाबायन तिका एक दिस उपाशी ठेवूक नाय."

छातीवरचे ओझे तेव्हाच उतरले, टाके नंतर निघाले. इतके हलके मला तरुणपणीही वाटले नव्हते.

५. म्हणून हा हक्क मी निहारला देत नाही. दिला तर आरतीही न येणारी आमची मुले पुन्हा कोर्टाची पायरी चढतील. हा हक्क रत्नाबाईस. बरा झालो की गावी जाऊन नारळ मी स्वतः तिच्या हाती देईन. त्याआधीच गेलो तर हे कलम पुरे. तिच्यानंतर कोण, ते तिने ठरवावे.

या कलमाला आडवा येईल असा एकच माणूस आहे. त्यालाच साक्षीला बोलावले आहे.

सही: द. गुं. वालावलकर
सनद, बहरीन, ७ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१) नाझिश अन्सारी, वरच्या मजल्यावरील शेजारीण. मजकूर हिंदीत समजावून घेतला.
२) शिरीष वालावलकर. सगळे वाचले. माझी हरकत नाही.