लागतं, हवं आणि इस्त्रीची वायर

२ जानेवारी

सूनबाईनं घरात कायदा आणलाय! फ्रिजवर कागद चिकटवला, मधोमध रेघ. डावीकडे 'लागतं', उजवीकडे 'हवं'. किराणा आणि औषधं सोडून वर्षभर नवीन काही घ्यायचं नाही. मोडलं तर दुरुस्त करायचं. 'हवं'खाली जे लिहाल त्यासाठी तीस दिवस थांबायचं. तरीही हवंसं वाटलं तर चर्चा. चर्चा म्हणजे 'नाही', एवढं मला कळतं.

कारण काय, तर काल तिनं कपाटं उपसली. पाण्याच्या बाटल्या अकरा, घरात माणसं तीन. लेकाच्या व्यायामाच्या दोऱ्या चार, चारही पाकिटातच. माझ्या चपलांचे सात जोड निघाले. "आई, पाय किती?" म्हणाली.

"मोजून सांगते," म्हटलं.

३ जानेवारी

लेकानं 'लागतं'खाली लिहिलं — मोठा टीव्ही. सूनबाईनं खोडलं. त्यानं परत लिहिलं. तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं, "वेड लागतं. टीव्ही नाही."

बरी आहे पोरगी!

६ जानेवारी

मिक्सर बंद पडला. एरवी संध्याकाळपर्यंत नवा आला असता. आता कायदा! पिशवीत घालून बाजारामागच्या गल्लीत गेले. तिथे दुरुस्तीचं एक दुकान आहे, एका माणसापुरतं. त्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात. पासष्टीचे असतील. केस पांढरे, बोटांना काळं तेल, पण नखं स्वच्छ कापलेली. मिक्सर उघडला आणि त्याच्याशीच बोलायला लागले — "काय रे, दमलास का?"

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी आवाजच ऐकले. असा आवाज क्वचित.

तेवढ्यात म्हणाले, "ताई, परवा या."

ताई! मेल्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं.

८ जानेवारी

मिक्सर आणला. झकास चालतोय. जरा वाईटच वाटलं.

११ जानेवारी

छत्रीची काडी मोडली. म्हणजे — मोडली.

१७ जानेवारी

गजराचं घड्याळ पडलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा कुठे बंद पडलं. जुन्या वस्तू फार चिवट!

मास्तरांच्या दुकानात एकच स्टूल आहे, ते मला दिलं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. माझे हे जाऊन नऊ. बोलता बोलता तास गेला. घड्याळ बंद होतं, त्यामुळे कळलं नाही — असं घरी सांगितलं.

"ताई" चार वेळा म्हणाले. मी मोजलं.

२५ जानेवारी

दुकानाच्या दारावर पाटी लागलीय, 'भाड्यानं देणे'. मी विचारलं. म्हणाले, "दुरुस्त कोण करतंय हो ताई? मोडलं की लोक नवं आणतात. फेब्रुवारी संपला की धाकट्या भावाकडे जायचं. गाडीनं आठ तास लागतात."

इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकते — हा माणूस जायला नको.

२८ जानेवारी

गुडघे म्हणतायत नको, तरी तीन मजले चढले. घरोघरी सूनबाईचा कायदा सांगितला, माझाच असल्यासारखा. नवं घेऊ नका, मास्तरांकडे न्या! पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पंखा टाकायला निघालेल्या, त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, "दात दुखला की जबडा टाकता का?" पंखा घेऊन मुकाट्यानं गल्लीकडे वळल्या.

५ फेब्रुवारी

नऊ घरांत फ्रिजवर कागद लागले! सूनबाई हरखून गेलीय. "आई, तुम्हाला एवढं पटेल असं वाटलं नव्हतं," म्हणाली. मी साधूसारखा चेहरा केला.

९ फेब्रुवारी

माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दुकानात ही गर्दी! स्टुलावर वरच्या मजल्यावरची बाई, मांडीवर रेडिओ घेऊन. मास्तर मान वर न करता म्हणाले, "ताई, ठेवून जा, होईल."

पाटी अजून तशीच आहे. विचारायला जीभ रेटली नाही.

१९ फेब्रुवारी

महिना संपत आला आणि घरात मोडायला काही उरलं नाही. शेवटी इस्त्रीची वायर कापली. प्लग काढून — मी काही मूर्ख नाही. स्वयंपाकघरातली कात्री वापरली.

लेक म्हणतो, "या घरातल्या वस्तूंना साथ आलीय का गं?" सूनबाई मात्र कात्रीकडे बघत होती.

२० फेब्रुवारी

पकडले गेले.

मास्तरांनी वायर हातात घेतली, फिरवली, उजेडात धरली. म्हणाले, "जळली असती तर काळी पडली असती. उंदरानं खाल्ली असती तर कडा कुरतडलेल्या दिसल्या असत्या. ही कात्री आहे." मग म्हणाले, "छत्रीची काडीही गुडघ्यावर मोडलेली होती. तेव्हा बोललो नाही."

मी पिशवीचे बंद आवळायला लागले.

"माझी कीव करू नका ताई. गर्दीही तुम्हीच पाठवलीत, कळलं मला. पण धडधाकट वस्तू माझ्यासाठी कुणी मोडायची नाही." आणि इस्त्री तशीच परत दिली.

कीव! मी आणि त्यांची कीव! घरी येऊन दार लावून रडले.

२३ फेब्रुवारी

इस्त्री नाही. लेक चुरगळलेला शर्ट घालून कामावर गेला. पाच दिवस उरले.

२६ फेब्रुवारी

गेले. हात रिकामे, पिशवीसुद्धा नाही. दुकानात कुणी नाही बघून भडाभडा बोलून टाकलं — "कीव नव्हती हो. मिक्सर लागत होता, म्हणून आणला. बाकी काहीएक लागत नव्हतं. तुम्ही हवे आहात. या वयात शोभत नाही म्हणायचं तर म्हणा आणि जा भावाकडे."

आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, स्वतःची आज पहिल्यांदा जोडली!

मास्तरांनी हातातला पेचकस खाली ठेवला. कान लाल झाले. मग म्हणाले, "त्या मिक्सरचा एक स्क्रू मी मुद्दाम ढिला ठेवला होता. म्हटलं, आठवड्यात परत याल. पण तुमचा मिक्सर निगरगट्ट! चालतच राहिला."

"मग ताई ताई काय लावलं होतं?"

"गिऱ्हाइकाला म्हणावं लागतं." मग थांबून, हळूच, "अहो, बसा ना."

अहो! मी बसले. बसावंच लागलं.

घरी येऊन आधी सूनबाईला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, मग हसायला लागली. म्हणाली, "तीस दिवस थांबलात का?"

"एक्कावन्न झाले."

"मग चर्चा करू."

चर्चा म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे!

१ मार्च

पाटी निघाली! पण लेक माझ्याशी बोलत नाही. "लोक काय म्हणतील, आई?" एवढं एकच वाक्य, तेही भिंतीकडे बघून. त्याच्याशिवाय मी हे लग्न करणार नाही. मास्तरांना तसं सांगितलंय. ते म्हणाले, "थांबू की. घाई कुणाला आहे?" मला आहे, पण ते बोलले नाही.

८ मार्च

लेक आपले बिघडलेले हेडफोन घेऊन गल्लीत गेला. अर्ध्या तासाचं काम, तीन तासांनी आला. मी भाजी निवडत बसले होते, तीच तीच भाजी परत निवडत होते.

जेवताना म्हणाला, "माणूस बरा आहे." मग म्हणाला, "हेडफोनशी बोलतो पण."

सूनबाईनं टेबलाखाली माझा हात दाबला.

१३ एप्रिल

नोंदणी कचेरी. सहीला पेन टेकवलं तर उमटेना. ह्यांनी लगेच ते उघडून रिफिल फुंकायला घेतली, "दोन मिनिटं, होतंय दुरुस्त!" मागे चार जोडपी खोळंबलेली. साक्षीदार म्हणून उभी असलेली सूनबाई ओरडली, "बाबा, राहू द्या ते! नवं घ्या!" आणि लेक पळत जाऊन पेन विकत घेऊन आला.