सदतीस मोबाईल एकाच टोपलीत असल्याबाबत

दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. जिल्हा समन्वयक,
आंतरराष्ट्रीय विकास डेटा-अभ्यास प्रकल्प,
अहिल्यानगर.

विषय : मौजे काळेखडी येथील हंगामी वसतिगृह शुक्रवारपूर्वी उघडण्याबाबत.
संदर्भ : आपला अहवाल ‘स्थलांतरमुक्त काळेखडी’.

महोदय,

१. अर्जदार केशरबाई भिमाजी ढाकणे, वय ६७, शेळ्या राखतात. आपल्या प्रकल्पाने गतवर्षी गावातील सदतीस ऊसतोड कुटुंबांना एकेक मोबाईल दिला. कोण कुठे जाते, हे त्यावरून परदेशातील विद्वानांना समजणार होते. फोन हरवू नये, चार्जिंग उतरू देऊ नये व रोज सोबत बाळगावा, अशी सक्त ताकीद होती.

२. तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत (खोपटात) वीज नसते. सबब मंडळींनी जाताना सर्व मोबाईल अर्जदारांकडे ठेवले. अर्जदारांनी ते इमानेइतबारे चार्ज केले आणि ताकीद मोडू नये म्हणून टोपलीत घालून सहा महिने शेळ्यांमागे माळावर फिरवले. ही चूक त्यांना मान्य आहे.

३. परंतु त्यावरून आपण असा निष्कर्ष काढलात की, गावातून कोणीही ऊसतोडीला जात नाही. उलट सदतीस कुटुंबे रोज मिळून फेरफटका मारतात व गावातील एकोपा वाखाणण्याजोगा आहे. लगेच आपल्या प्रकल्पाचे वसतिगृहही बंद केलेत. त्या सहा महिन्यांत आपल्यापैकी कोणी गावात पाऊल टाकले असते, तर सदतीस दारांपैकी एखादे कुलूप नक्की दिसले असते.

४. अहवालाच्या प्रकाशनाला अर्जदारांना नगरला बोलावून शाल घातली. त्यांनी उभे राहून सांगितले, “सायेब, मान्सं कारखान्यावर गेल्ती. मोबाईल माझ्यापाशी हुते.” एका बाईच्या सांगण्याने आकडे बदलत नसतात, असे आपण हसून म्हणालात. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अर्जदारांना किळस आली. खाली गालिचा असल्याने त्या बाहेर जाऊन थुंकल्या.

५. आईबाप तोडीवर असताना वसतिगृहात राहून बत्तीस मुले शाळा शिकत. मोबाईल सांभाळणे अर्जदारांना जमले. बत्तीस मुलांना दोन वेळा जेवू घालणे त्यांना झेपणारे नाही. हे स्वतःच्याच हातून झाले, असे त्यांना वाटत राहते.

६. शुक्रवारी ऊसतोडीची टोळी निघेल. शेजारची निकिता आठवीत आहे; तीही आईबापांबरोबर मोळ्या वाहायला जाईल. तिच्याजवळ मोबाईल नाही. ती गेल्याचे आपणांस कळणार नाही, म्हणून हे कागदावर कळवले आहे.

आपली, अजून तरी नम्र,
केशरबाई भिमाजी ढाकणे
(निशाणी डावा अंगठा)

अर्ज लिहून वाचून दाखवणार : अजिनाथ

सोबत : बत्तीस मुलांची इयत्तावार यादी.